सावलीकडची बाजू

चोपड्यात, बस स्टँडमागच्या गल्लीत
माझ्या खोलीला खिडकी नाही.
भिंतीवर कायद्याची पाटी, टेबलावर एफ फॉर्मचा गठ्ठा
आणि जेलची बाटली. थंडीत मी ती कोमट पाण्यात ठेवते,
पोट दचकू नये म्हणून.

मोनाली कोळी, अडावद. बावीस आठवडे, चार दिवस.
बाळानं हात तोंडाशी नेला, परत आणला.
मी डोक्यावर थांबले.
इतका वेळ तिथं थांबायचं नसतं,
बायका आपला श्वास मोजत असतात.

आवाज आत सोडायचा
आणि परत येईल त्यावरून ओळखायचं
विहिरीत पाणी किती आहे,
एवढंच माझं यंत्र करतं.
दहा मिलिमीटरपर्यंत ठीक.
इथं अकरा. पुन्हा मोजलं, अकरा पूर्णांक तीन.
मेंदूच्या दोन भागांमध्ये एक पूल असतो,
तो सापडेना.
'नाही' आणि 'दिसत नाही' यांच्या मधोमध
मी अर्धा तास बसून राहिले.
कवटीचं हाड आवाज अडवतं;
प्रोबच्या जवळची बाजूच नेमकी सावलीत जाते.

दारातून सासू, कोकिळाबाई,
"डोकामा काय शे, ताई? खरं सांगा."
या खोलीत एक गोष्ट सांगायची नसते,
ती तिनं विचारलीच नाही.
विचारलं ते मला सांगता येत नव्हतं.
"पाणी थोडं जास्त आहे," म्हटलं,
"आणि मधला पूल दिसत नाही. जळगावला एमआरआय करा."

पूल हा शब्द मी वापरायला नको होता.
विदगावजवळ गाडी तापीवर आली
तेव्हा मोनालीनं डोळे मिटून घेतले म्हणे,
पार पलीकडे जाईपर्यंत.

तिथं आधी सगळं उतरवून ठेवतात,
काळी पोत, पिना, कानातलं.
उजव्या पायाचं जोडवं निघेना, पाय सुजलेले.
तिथल्या पोरानं साबण लावला, मग पक्कड आणली.
चांदीला चुंबक ओढत नाही हे त्यालाही ठाऊक होतं,
पण नियम.
मग डाव्या कुशीवर, बोगद्यात, कानात कापूस.
ठक ठक ठक, मग नुसती घरघर,
तिला वाटलं, पिठाची गिरणी लावली कुणी उशाशी.

त्या यंत्राला हाड आडवं येत नाही.
ते थेंबाथेंबाला विचारत जातं, तू कुठे आहेस.
घड्या दाखवतं मेंदूच्या,
सावलीकडची बाजूसुद्धा.
पण वीस सेकंद तरी स्थिर राहावं लागतं.
माझ्याकडे बाळ हलतं म्हणून कळतं;
तिथं हलतं म्हणून पुसलं जातं.
तीनदा लाथ मारली, तीनदा पहिल्यापासून.
चेतन बाहेर पैसे मोजत होता,
माझ्या बिलाच्या सातपट.

फिल्म मी उजेडाच्या पेटीवर लावली.
पूल आहे.
हात जोडले नाहीत, पण खुर्चीत मागे टेकले.
आहे. पातळ, मागच्या टोकाला आखूड.
पाणी अकराच.
आणि उजवीकडची एक घडी, या आठवड्यात पडायला हवी होती,
ती अजून पडलेली नाही.
ती माझ्या हिशेबातच नव्हती.

म्हणजे मी जिथं घाबरवलं तिथं धीर निघाला
आणि जिथं गप्प होते, तिथं हे.

"माले आजी म्हनी ना ते?" कोकिळाबाई.
दोन यंत्रं, सोळा चौकटी,
आणि हे एकाही चौकटीत नाही.
मी नाशिकच्या मेंदूतज्ज्ञांचा नंबर लिहून दिला,
वैद्यकीय मंडळ काय ते सांगितलं, तारखा सांगितल्या.
दोन्ही वाटा सांगितल्या.
कुठली धर, ते नाही.

मोनाली ऐकत होती की नाही, कळेना.
रिपोर्टच्या पाकिटातून तिनं प्लास्टिकची पुडी काढली,
आत कापलेलं जोडवं.
"हे सांधता येतं का हो, मॅडम?"
सोनाराला दाखव, म्हटलं. रेघ राहील बारीकशी.

मग तिला पुन्हा टेबलावर झोप म्हटलं.
काही मोजायचं नव्हतं.
नुसते ठोके लावले, आवाज मोठा करून.
एकशे अठ्ठेचाळीस.
मोजलेच मी, सवयीनं.